पालथं ताट

दसरा उलटला की मी दहिवलीच्या पुलावर थोडा वेळ रेंगाळते. उल्हासच्या पाण्याचा गढूळपणा तोवर गेलेला असतो, तळाचे गोटे दिसायला लागतात आणि पलीकडच्या चार शेतांतून पिकल्या भाताचा कोरडा, गोडसर वास येतो. चारच शेतं उरलीत आता. बाकीच्यांवर इमारती उभ्या राहिल्या आणि त्यांना झाडाफुलांची नावं मिळाली. पण चार तर चार, वास अजून पहिल्यासारखाच येतो. तो नाकात शिरला की इतरांना काय आठवत असेल ते असो, मला बारा हिरवी कार्डं आठवतात, कडावचे जनूभाऊ ठोंबरे आठवतात आणि काठावर नाव कोरलेलं आमच्या आईचं ताट आठवतं. या तिन्हींचा एकमेकांशी काय संबंध, असं कुणीही विचारेल. मलाही तो कळायला एक अख्खी दिवाळी लागली होती.

परवा वरच्या मजल्यावरची नवी सून फराळ देऊन गेली. पुठ्ठ्याचा देखणा डबा, त्याला सोनेरी फीत. मी सवयीनं म्हटलं, "थांब हं, डबा रिकामा करून देते." ती गोड हसली. "अहो काकू, राहू द्या की. टाकून द्यायचा तो." टाकून द्यायचा! तो डबा मी दोन दिवस ओट्यावर ठेवून त्याच्याकडे बघत होते. सोय आहे, नाही कुठं म्हणतेय मी? पण परत करायचं काही नसलं तर माणसानं दुसऱ्याच्या दारात जायचं कशाला, हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

आमच्या आळीत ताटं फिरायची. स्टीलची, जड. भांड्यांच्या दुकानात मशीननं टकटक करत त्यांवर नाव घालून मिळायचं. आईच्या ताटांवर 'सौ. यमुना' असं होतं आणि 'मु'चा उकार जरा घसरलेला होता, त्यामुळे आमचं ताट कुठंही लांबून ओळखू यायचं. वर विणलेला रुमाल, खाली करंज्या, शंकरपाळे, चिवडा. आणि नियम एकच, की आलेलं ताट रिकामं परत करायचं नाही. करंजीला करंजीच हवी असं नव्हे, पण काहीतरी हवं. त्यामुळे आमचं ताट परत कधी यायचं, ते पलीकडच्या घरातली कढई कधी चढते यावर ठरायचं. आईकडे चांगली ताटं चारच होती. ती चारही आळीत अडकली की बाबा परातीतला भात कालवता कालवता म्हणायचे, "दिवाळी आहे की उपास?"

त्या वर्षी, म्हणजे अठ्ठ्याऐंशी-एकोणनव्वदच्या सुमाराची गोष्ट, पाऊस लांबला होता. हळवं, म्हणजे लवकर पिकणारं, भातसुद्धा उशिरा तयार झालं आणि कापणी नेमकी दिवाळीच्या आठवड्यात आली. मी तेवीस वर्षांची होते. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून खोपोलीच्या एका कारखान्यात लागले होते. पत्र्याची पिंपं बनवायचा तो कारखाना. सकाळच्या खोपोलीच्या गाडीत तेव्हा माणसं मोजकीच असायची. पळसदरीला विळे घेतलेल्या दोन-चार बाया चढायच्या, केळवलीला उतरायच्या, डोळवली आणि लौजीपर्यंत दोन्ही बाजूंना पिवळं भात आडवं पडलेलं दिसायचं. खिडकीतून येणाऱ्या वाऱ्यात चिखल, पेंढा आणि कुणाच्यातरी पिशवीतल्या भाकरीचा वास असे. मला त्या दिवसांत उगीचच हसू यायचं. पहिली नोकरी होती, पगाराची साडी अंगावर होती, आणि मला वाटायचं की जगात मला न सुटणारं असं काही फारसं नाही.

न सुटणारं एक कोडं मात्र कारखान्यात पोचल्यावर माझी वाट बघत बसलेलं असे. कारखान्यात बारा संगणक घेतले होते. गेटवर एक, स्टोअरमध्ये एक, प्रयोगशाळेत, कॅन्टीनमध्ये, ऑफिसात. ते तारेनं जोडून एकमेकांशी बोलते करायचे होते. त्यासाठी प्रत्येकात एकेक कार्ड लागतं. परदेशी कार्डं मिळायला महिनेन्‌महिने लागायचे, म्हणून आमच्या दुरुस्ती खात्यातल्या जनूभाऊ ठोंबऱ्यांनी ती स्वतःच बनवली. जनूभाऊ पंचेचाळिशीचे, कडावचे शेतकरी, शिक्षण मॅट्रिकपर्यंत, आणि हात असा की बंद पडलेला रेडिओ त्यांनी नुसता हलवला तरी बोलायचा. वर्षभर जेवणाच्या सुट्टीत बसून त्यांनी बारा कार्डं सांधली होती. आमच्या मोठ्या साहेबांना ती मनातून पसंत नव्हती. त्यांनी सांगून टाकलं होतं, "भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी मी स्वतः बघणार. चाललं तर ठीक. नाहीतर ही भंगारात टाका, आणि ठोंबरे, तुम्ही आपले पुन्हा फ्यूज बदलायला जा." तार्किकदृष्ट्या साहेबांचं बरोबर असेलही. मला मात्र ते शेवटचं वाक्य फार लागलं होतं, आणि जनूभाऊंच्या तर कानशिलांपर्यंत रक्त चढलेलं मी पाहिलं होतं.

कार्डाशी बोलणारा एक छोटा प्रोग्राम संगणकात असावा लागतो. त्याला ड्रायव्हर म्हणतात, आणि तो लिहायचं काम माझं होतं. एका संगणकावरून दुसऱ्याला पाठवलेलं पत्र एकदम जात नाही, त्याचे तुकडे करतात, प्रत्येक तुकड्याला आम्ही पाकीट म्हणायचो. ड्रायव्हर पाकीट कार्डाच्या हवाली करतो. कार्डानं ते तारेवर सोडलं, की त्यानं ड्रायव्हरला खूण करायची, 'गेलं'. ती खूण येईपर्यंत ड्रायव्हर ते पाकीट जपून ठेवतो आणि पुढचं पत्र सुरू करत नाही. सगळं काही त्या एका 'गेलं'वर.

आणि ते 'गेलं'च मधूनमधून येत नव्हतं. सकाळच्या धांदलीत सगळं सुरळीत चालायचं. जेवणाची सुट्टी झाली, गडबड ओसरली, की एखादा संगणक मुका व्हायचा. त्याच्यातली पत्रं अडकून बसायची. मी धावत जायचे, दुसऱ्या संगणकावरून त्याला एखादं पत्र पाठवायचे, की लगेच हा कंठ फुटल्यासारखा भराभरा बोलायला लागायचा. साहेबांना दाखवायला बोलवावं, तर तेव्हा हटकून बंद. घोडं कुठं पेंड खातंय ते कळेना.

मग मी एक शहाणपणा केला. म्हटलं, खुणेची वाट बघायचीच कशाला? कार्डाच्या हातात पाकीट दिलं की ड्रायव्हरनं आपणच जाहीर करावं, 'गेलं'! काय सुसाट चाललं म्हणून सांगू. मी कारखान्याच्या आवारात जवळजवळ नाचत होते. तासाभरात कॅन्टीनचे आचारी हातात कागद घेऊन जिना चढून वर आले. ऑफिसातून त्यांना दुसऱ्या दिवशीच्या जेवणाची यादी गेली होती. कार्ड ती अजून उचलतच होतं, तेवढ्यात त्याच जागेवर स्टोअरसाठीची मागणी येऊन बसली होती. आचाऱ्यांनी कागद माझ्यापुढे धरला. त्यावर छापलं होतं, भाजी : काळं वार्निश, दोन पिंपं.

"बाय," ते अगदी गंभीरपणे म्हणाले, "ही भाजी रश्शाची करू का सुकी?"

आठवडाभर माझी सुटका नव्हती. जो भेटेल तो वार्निशच्या भाजीची चव विचारायचा. मी मुकाट्यानं ते बदललं आणि मूळचं परत घातलं. न झालेलं काम झालं म्हणून सांगितलं की गाडी वेगात धावते आणि सामान भलत्याच स्टेशनवर उतरतं, हे मी तिथं शिकले ते शिकले.

दिवाळीच्या सुट्टीआधीचा शेवटचा दिवस होता. आईनं जनूभाऊंसाठी फराळाचं ताट दिलं होतं, ते मी मांडीवर सांभाळत गाडीतून नेलं. दुरुस्ती खात्यात सोल्डरच्या धुराचा वास भरलेला होता. जनूभाऊंनी हात धुतले, करंजी मोडली, डोळे मिटून खाल्ली. मी विचारलं, "भाऊ, खरं सांगा. ही 'गेलं'ची खूण कार्ड नक्की कधी करतं?"

करंजीचा उरलेला तुकडा त्यांनी ताटात ठेवला.

"पुढलं पाकीट घ्यायला येतं ना, तवा."

"म्हणजे?"

"त्या खुणेसाठी येगळी चिप लागली असती गं. चिपा कुटं हायेत आपल्याकडं? मी म्हनलं, पुढलं पाकीट घ्यायला कार्ड जानारच हाय संगणकाकडं. तवाच सांगंल, मागलं गेलं म्हणून. नुसतं 'गेलं' सांगायला रिकाम्या हातानं कशाला जायाचं?"

म्हणजे कार्ड पुढच्या पाकिटासाठी थांबलेलं, आणि माझा ड्रायव्हर कार्डाच्या खुणेसाठी थांबलेला. दोघंही आपापल्या दारात, तू आधी, तू आधी. मधेच कुठूनतरी दुसरं पत्र आलं की त्याची पोच मात्र न थांबता जायची, आणि त्या पोचेबरोबर अडकलेलं 'गेलं' बाहेर पडायचं. म्हणून गर्दीत चालत होतं आणि शांततेत अडत होतं.

"आता कार्डं बदलता येतील?" मी विचारलं.

"बारा कार्डं? चार दिसात? नाय गं." मग ते ताटाकडे बघत म्हणाले, "ह्ये ताट राहू दे माज्याकडं. कार्डं पास झाली तर भरून आनून देईन तुज्या आईला."

"आणि नाही झाली तर?"

"तर रिकामंच देईन."

हे वाक्य आमच्या भागातल्या माणसाच्या तोंडून ऐकायला किती जड आहे, ते सांगून कळायचं नाही. मी हसण्यावारी नेलं, पण परतीच्या गाडीत खिडकीबाहेर न बघता कागदावर कार्डाची चित्रं काढत बसले.

धनत्रयोदशीच्या दुपारी घरात चिवड्याचा ढीग परातीत पडून होता आणि आई कमरेवर हात देऊन उभी होती. एक ताट कडावला गेलेलं, दोन आळीच्या टोकाला, चौथं समोर कमळाकाकूंकडे. कमळाकाकूंचं सगळं घर कापणीला जुंपलेलं, त्यांची कढई चढलीच नव्हती, मग त्या ताट परत करणार कशा? आणि ताट नाही म्हणून आईचा चिवडा पुढे जात नव्हता. मी पाटावर बसून कागदावर कार्डाची चित्रं काढत होते आणि मनातल्या मनात चडफडत होते.

"चल गं माझ्याबरोबर," आई म्हणाली.

"कुठं?"

"कमळाबाईकडे. ताट आणायला."

"मागायचं? बरं दिसतं का ते?"

"मागतंय कोण? बघायचं."

आळी ओलांडून आम्ही गेलो. ओसरीत भाताचे भारे रचलेले, कमळाकाकू नुकत्या शेतावरून आलेल्या, पायांना चिखल. आई गप्पा मारत सरळ स्वयंपाकघरात शिरली. मांडणीवर आमचं ताट धुऊन, पुसून पालथं घातलेलं होतं. काठावरचा घसरलेला उकार लखलखत होता. आईनं ते उचललं.

"अगं बाय! ऱ्हाऊ दे, ऱ्हाऊ दे!" कमळाकाकू धावल्या. "रिकामं कशी नेशील गं? माजी चकली व्हायची हाय अजून!"

"चकली होईल तेव्हा तुझ्या ताटातून पाठव," आई म्हणाली. "ताट पालथं दिसलं, म्हणजे खाऊन झालं. ते मला कुणी सांगायला कशाला हवं? आणि रिकामं नको वाटत असेल, तर घाल चिमूटभर साखर."

कमळाकाकूंनी चिमूटभर साखर घातली, दोघी पोट धरधरून हसल्या, आणि पाच मिनिटांत त्याच ताटात चिवडा भरून ते शेजारच्या घरी रवाना झालं. मी मात्र ओसरीतल्या भाऱ्यावरच बसले. माझ्या डोक्यात एकच वाक्य फिरत होतं. मागतंय कोण, बघायचं. इतके दिवस मी खुणेची वाट बघत होते. कार्डाकडे जाऊन नुसतं डोकावून बघायचं माझ्या मनात आलंच नव्हतं.

पाडव्याला कारखाना बंद होता, पण त्या दिवशी आम्ही दोघांनी येऊन काम करायची साहेबांची परवानगी आधीच घेतलेली होती. जनूभाऊ कडावहून सायकल हाणत आले. भल्या पहाटे भाऱ्यांचं काम उरकून आले असावेत, कारण केसांत पेंढ्याची काडी तशीच होती. मी पहिला प्रश्न तोच विचारला.

"भाऊ, पाकीट गेलंय की नाही, हे कार्डाकडे बघून कळतं का?"

"कळतं की. कडेला दिवा हाय न्हवं. जाताना लागतो, गेलं की इझतो."

"तो मला दिसतो हो. संगणकाला दिसतो का?"

"त्यालाबी वाचता येतो. जागा ठेवलीय मी तशी." ते जरा ओशाळले. "कुनी इचारलंच नाय कंदी."

मला त्यांना मिठी मारावीशी वाटली, पण ते दिवस तसे नव्हते. मी खुर्ची ओढली. संगणकाच्या पोटात सेकंदाला अठरा-एक ठोके टाकणारं घड्याळ असतं. ड्रायव्हरला मी सांगितलं, की खूण आली तर उत्तम, पण तिच्यावर विसंबून राहायचं नाही. पुढचं पाकीट देण्याआधी एकदा दिवा बघायचा. आणि काहीच द्यायचं नसलं, सगळं शांत असलं, तरी घड्याळाच्या ठोक्यागणिक जाऊन डोकवायचं. दिवा विझलेला दिसला की समजायचं, गेलं. लागलेला असेल तर मुकाट परत यायचं, वार्निशची भाजी करायची नाही. सगळं मिळून दीड पान झालं.

मग परीक्षा. ती मोठी गमतीची होती, कारण त्यात काहीच करायचं नव्हतं. अडत होतं ते शांततेत, म्हणून शांतताच द्यायला हवी होती. एका संगणकावर दोन पत्रं रांगेत लावली आणि आम्ही दोघं हात मांडीवर ठेवून बसलो. जनूभाऊ तर श्वासही जपून घेत होते. बंद कारखाना, बाहेर कुठंतरी फटाका वाजला, घाटाकडून एक मालगाडी उतरत असल्याचा आवाज आला. पहिलं पत्र गेलं. दिवा विझला. पूर्वी इथंच सगळं गोठायचं. आणि कुणीही बोट न लावता दुसरं पत्र सुटलं, शेजारच्या पडद्यावर उमटलं.

"गेलं!" जनूभाऊ ओरडले.

त्या दिवशी ते 'गेलं' आम्ही किती वेळा ओरडलो असू! चाळीस पत्रं पाठवली, मधे मुद्दाम लांबलांब गप्प बसलो, एकेकदा तर नुसते खिडकीतून डोंगर बघत राहिलो. एकही अडलं नाही. इतकं मन लावून रिकामं बसणं मला पुन्हा कधी जमलं नाही.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी साहेब आले. त्यांनी गेटवरून स्टोअरला एक पत्र पाठवलं, मग आम्हाला म्हणाले, "आता कुणी हात लावायचा नाही," आणि चहा मागवला. त्यांना कुणीतरी जेवणाच्या सुट्टीतली भानगड सांगितली होती तर! चहा सावकाश प्यायले. बशी खाली ठेवली, दुसरं पत्र लिहिलं. ते पलीकडे पोचल्याचा स्टोअरमधून फोन आला. साहेबांनी जनूभाऊंकडे बघितलं आणि ते म्हणाले, "ठोंबरे, उद्यापासून तुम्ही वरच्या खोलीत बसा. हिच्या शेजारी." माझा जीव भांड्यात पडला. जनूभाऊंनी पँटला हात पुसले, दोनदा.

दुसऱ्या दिवशी सकाळी, मी निघायच्या आधीच, सायकल आमच्या दारात उभी होती. कॅरिअरला बांधलेलं फडकं सोडून जनूभाऊंनी ताट आईच्या हातात दिलं. नव्या भाताचे पोहे, शिगोशीग, अजून कोमट, त्यांवर गुळाचा खडा. अंगणभर त्यांचा वास सुटला. आईनं ताट घेतलं आणि म्हणाली, "एवढा उशीर होय? मी कधीची वाट बघतेय." तिला त्या ताटावर काय काय अवलंबून होतं, ते मी सांगितलेलं नव्हतं. जनूभाऊ इतके हसले की त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मग मीही रडून घेतलं.

ती कार्डं बरीच वर्षं चालली. नंतर चांगली आली, वेगवान आली, आणि त्यांचेही ड्रायव्हर मी लिहिले. त्यांतली पुष्कळशी या ना त्या बाबतीत अडणारीच निघाली. कुणाचं काय लंगडं आहे ते ओळखायचं, त्याला नावं न ठेवता आपलं पाऊल त्याच्या पावलाशी जुळवायचं, हेच माझं काम झालं. माणसांच्या बाबतीत मला ते यंत्रांइतकं साधलं नाही, हे कबूल करते.

आई जाऊन आता नऊ वर्षं झाली. तिची तीन ताटं घरात आहेत. चौथं अजून कडाव-दहिवली करतं. दर दिवाळीला मी ते भरून नेते आणि जनूभाऊ ते पोहे भरून पाठवायचे. हल्ली पाठवणं होत नाही. ते ऐंशीच्या पुढे गेलेत, कानांनी ऐकू येत नाही, फोन वाजला तरी उचलत नाहीत. मुलगा, सून कामावर. गेल्या दिवाळीचं ताट यंदाची दिवाळी आली तरी परत आलेलं नव्हतं, काही निरोपही नव्हता. आळीतलं कुणीतरी म्हणालं, "येईल की, पोहे झाले की येईल."

मी रिक्षा केली आणि कडावला गेले. दार उघडंच होतं. आधी मी मांडणीकडे बघितलं. ताट धुऊन पालथं घातलेलं होतं, घसरलेल्या उकारासकट. मग ओसरीच्या कोपऱ्यात बघितलं. जनूभाऊ उन्हात पाय पसरून बसले होते, मांडीवर कुणाचातरी उघडलेला रेडिओ. सावली पडली तशी त्यांनी मान वर केली.

"आलीस व्हय गं?" ते मोठ्यानं म्हणाले. "ताट न्यायला?"

मी त्यांच्या कानाशी वाकले.

"नाही भाऊ," म्हटलं. "बघायला."